अनुभव धागा: विशारद झालं, आता पुढं काय? मराठवाड्यात गाण्या-वाजवण्यावर टिकून राहताना

धागाकर्ती (गायन, लातूर)

आमच्या लातूरला पोरगं अकरावीत गेलं की तानपुरा माळ्यावर जातो. नीटच्या शिकवण्या सुरू झाल्यावर गाण्याला वेळ कुठला? दहावीपर्यंत मात्र माझा क्लास भरलेला असतो, कारण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा (प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत्या पायऱ्या) पास केल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. "मॅडम, सर्टिफिकेट शाळेत कधीपर्यंत द्यायचं?" हा प्रश्न मी यमनच्या आरोहापेक्षा जास्त वेळा ऐकला असेल. पालकांना तरी काय बोलणार? गाण्यावर घर चालतं हे त्यांनी कुठं बघितलंय?

पण चालतं. ओढाताण करत का होईना, आपल्याकडं चालवणारे लोक आहेत. मोठ्या कलाकारांच्या मुलाखतीत बालपण येतं, गुरूंचा मार येतो आणि तिथून गाडी थेट पुरस्कारावर. मधली वर्षं गायब! मला त्याच वर्षांचं ऐकायचंय. पैसे कुठून आले, रियाज कधी केला, घरचे काय म्हणाले, आणि सोडून द्यावंसं वाटलं तेव्हा कशानं थांबवलं. "मेहनत करा, फळ मिळेल" असलं कृपया लिहू नका, ते रिक्षांच्या मागं वाचायला मिळतं.

गायन, नांदेड

एम.ए. संगीत, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास, आणि महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे, आणि ते बिल मंजूर होऊन हातात यायला कधी कधी पुढचं सत्र उजाडतं. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. लग्नाच्या बोलणीत "पर्मनंट कधी होणार?" हे पहिल्या चहाबरोबर येतं.

रियाजाचं सांगतो. भाड्याच्या दोन खोल्या. एप्रिल-मेमध्ये नांदेडात कूलरशिवाय बसता येत नाही आणि कूलर लावला की त्याची घरघर स्वतःचा सूर धरून बसते. मी काळी एक पट्टीत गातो, कूलर त्याच्या जरासा खाली. मोबाइलमधला तानपुरा कानाशी धरला तरी षड्ज (सा) हळूहळू उतरत कूलरला जाऊन मिळतो, आणि गाताना ते कळतही नाही. रेकॉर्डिंग ऐकलं की कळतं. म्हणून उन्हाळाभर पहाटे साडेचारला उठायचं, कूलर बंद, मानेवर ओला पंचा आणि सहापर्यंत जे होईल ते. घरमालक भला माणूस आहे, फक्त एकदा म्हणाला, "सर, ते खालचं आ आ जरा सातनंतर नाही का जमणार?" खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, सातनंतर लागत नाही हे त्याला समजावता आलं नाही. आता खिडकीला गोधडी टांगतो.

थांबवलं कशानं, तर गुरुवारनं. एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी दर गुरुवारी रात्री आम्ही सात-आठ जण जमतो. माईक नाही, सत्कार नाही, निवेदन तर नाहीच नाही. अट एकच, मागच्या वेळी गायलेला राग परत गायचा नाही. अट जाचक आहे, पण तिच्यामुळंच माझे हमीर, गौडसारंग, गौडमल्हार बसले. कॉलेजात माझ्या गौडसारंगाची कुणाला गरज नाही. गुरुवारी मात्र तबलेवाला पायऱ्यांवरच विचारतो, "सर, आज काय आणलं?" आणलेलं नसलं तर लाज वाटते. माझी उमेद म्हणाल तर ती एवढीच.

आणखी एक. पं. नाथराव नेरळकर मूळ आमच्या नांदेडचे, पुढं औरंगाबादला स्थायिक झाले. २०२१ मध्ये गेले. मराठवाड्यात राहून गवई होता येतं आणि शिष्यही तयार करता येतात, हे आमच्या पिढीला त्यांच्याकडं बघून पटलं. इथल्या संगीत शंकर दरबार महोत्सवाला पुण्या-मुंबईचे कलाकार आले की आपण इथं उगाच कुजतोय असं वाटायला लागतं, तेव्हा मी त्यांची आठवण काढतो.

पखवाज, केज तालुका

राम कृष्ण हरी. मला लिहायची सवय नाही, पुतण्या टाईप करायलाय.

आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत होतो. जोग महाराजांनी १९१७ ला काढलेली संस्था, चार वर्षांचा अभ्यासक्रम. तिथून आल्यावर घरचे म्हणले, आता कीर्तनकार हो. कीर्तनकाराला पाकीट मोठं, मृदंगाचार्याला लहान, हे सगळ्यांना माहिताय. पण आपला जीव वाजवण्यात. मग काय, पाच एकर कोरडवाहू आणि सप्ताह, असं दोन्ही चालू आहे.

आमच्या धंद्यात टिकायचं कसं हा प्रश्नच येत नाही, कारण बोलावणं थांबत नाही. मराठवाड्यात असं गाव दाखवा जिथं वर्षातून एक तरी सप्ताह नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली आमच्या भागातबी विहिरी कोरड्या होत्या. तरी सप्ताह झाले. पंगत एकाच वेळची केली, मंडप आखडला, आमचं पाकीट बारीक झालं, पण विणा खाली ठिवला नाही. पहाऱ्याचा माणूस आला की पहिल्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, आठवडाभर. ज्या गावानं त्या साली विणा खाली ठिवला नाही, त्या गावाला मी कोणत्या तोंडानं सांगू की पैसे कमी आहेत म्हणून येत नाही?

नव्या पोरांसाठी एक कामाची गोष्ट. पखवाजाच्या डाव्या पुडीला (तोंडावरच्या कातड्याला) लावायची कणीक स्वतः मळा, दुसऱ्याला मळू देऊ नका. घट्ट झाली की आवाज बद्द येतो, सैल झाली की ओघळती. उन्हाळ्यात दोन तासांच्या कीर्तनात ती वरून वाळती, मग चाल सुरू असताना महाराज बोलायला थांबले की पाण्याचं बोट फिरवून घ्यायचं. रात्रीच्या कीर्तनाला दव पडलं की उजवी पुडी सुरातून उतरती, जुळवायची हातोडी मांडीखालीच ठिवा. पेटीवाला सूर देऊन मोकळा होतो, शेवटपर्यंत जुळवत बसायचं ते आपल्यालाच.

पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर आमच्या शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यातले. वारकऱ्यांचा हात घेऊन शास्त्रीय मंचावर गेले, पद्मश्री झाले. आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो आहे.

क्लॅरिनेट, जालना

डीजे आला आणि आमचा बँड बसला. एवढंच. आता वरातीत वाजवत नाही, लोकांच्या घरी जाऊन पोरांना बासरी शिकवतो. क्लॅरिनेट आठवड्यातून एकदा काढतो, रीड (तोंडात धरायची पट्टी) ओली करतो, दोन जुनी गाणी वाजवतो आणि ठेवून देतो. याला टिकणं म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

भीमगीतं, छत्रपती संभाजीनगर

दिवसा वाळूज एमआयडीसीत शिफ्ट, रात्री गाणं. १४ एप्रिल ही तारीख एक असली तरी आमचा हंगाम मेअखेरपर्यंत जातो, गावं आपापल्या सोयीनं मागंपुढं जयंती करतात. त्या दीड महिन्यात शिफ्ट बदलून घ्यायला सुपरवायझरच्या किती मिनतवाऱ्या कराव्या लागतात ते विचारू नका. जून ते डिसेंबर तसा सुका. मग १४ जानेवारी.

ज्यांनी नामविस्तार दिनाला विद्यापीठ गेट पाहिलं नाही त्यांना हे कळणार नाही. १९९४ साली त्या तारखेला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, आणि त्याआधी त्यासाठी माणसं मेली, घरं जळाली. तिथं दरवर्षी एकाला लागून एक स्टेज लागतात. तुम्ही अंतऱ्यावर असता आणि शेजारच्या स्टेजवरचा ढोलक तुमच्या तालात घुसतो. मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. समोर मात्र परभणी, हिंगोली, जाफराबादहून आलेल्या म्हाताऱ्या खाली बसलेल्या, त्यांना शब्द पाठ. तुम्ही एक ओळ चुकलात तर त्या चुकत नाहीत. असा श्रोता असल्यावर माणूस गाणं कसं सोडेल?

पण पैशाचं बोलायला पाहिजे. माझं सगळ्यात जास्त चाललेलं गाणं माझं नाही. एका कंपनीनं एकदाच रक्कम देऊन कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत. आज ते गाणं प्रत्येक जयंतीला वाजतं आणि मी स्वतःच्या चॅनलवर टाकलं तर मलाच कॉपीराइटचा क्लेम येतो. म्हणून नव्यांना सांगतो, सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवा, आणि चाल, शब्द, आवाज या तिन्हींचे हक्क वेगवेगळे असतात एवढं तरी समजून घ्या. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जावं लागतं. अवघड आहे, पण जे येईल ते आपलं येतं. आता नवीन गाणी मी स्वतःच काढतो. रेकॉर्डिंगला दोन पगारांतली बचत जाते. बायको म्हणते, दुसऱ्यांच्या घरात दारू येते, आपल्या घरात माईक आला.

आता पुण्यात, मूळ धाराशिव जिल्हा

सगळे टिकलेले लोक लिहितायत, म्हणून मी लिहितो. मी सोडलं.

तबला. पुण्यात गुरूंकडं शिकलो, खोलीत चौघं राहायचो, क्लासेस घ्यायचो, कथ्थकच्या क्लासला साथ करायचो. हात वाईट नव्हता. पण प्रत्येक महिन्याच्या २५ तारखेनंतर पोटात गोळा यायचा आणि तो गोळा पुढं रियाजातही यायला लागला. कायदा (तबल्यावरची एक बोलरचना) वाजवताना डोक्यात मेसचे पैसे. मग बँकेच्या परीक्षा दिल्या, लागलो. पहिला पगार झाला त्या रात्री गाढ झोपलो. दुःख वगैरे काही झालं नाही, उगाच कशाला सांगू?

उमेद, चिकाटी हे शब्द ज्याच्यामागं घर, जमीन किंवा बायकोचा पगार आहे त्याच्या तोंडी सोपे असतात. न टिकलेल्याची चिकाटी कमी होती असं कुणी समजू नये एवढंच म्हणणं आहे. आता रविवारी वाजवतो आणि खरं सांगू का, आता बरं वाजतं.

धागाकर्ती

दादा, बरं झालं लिहिलंत. माझ्या मागं नवऱ्याची झेडपीची नोकरी आहे, हे मी वर लिहायला हवं होतं. क्लासच्या फीवर लातुरात भाडं सुटतं, बाकी फारसं काही नाही.

गायन, सेलू

मी गृहिणी. लग्नाआधी प्रवेशिका पूर्ण झाली होती, नंतर पेटीवर टीव्ही ठेवला गेला. मुलगी कॉलेजला गेल्यावर भजनी मंडळात जायला लागले, तिथल्या काकू म्हणाल्या, आवाज आहे तर परीक्षा का देत नाहीस? मध्यमाला बसले तेव्हा केंद्रावर सगळी शाळकरी पोरं. शिपायानं मला पालकांच्या बाकावर बसवलं. नाव पुकारल्यावर मी उठले तर परीक्षकही क्षणभर दाराकडं बघत राहिले, मूल कुठंय म्हणून!

त्यांनी झपतालाची दुगुन (दुप्पट लय) हातावर द्यायला सांगितली. घरी भाकरी थापताना ती इतकी घोकली होती की "धी ना । धी धी ना" तोंडात असताना हात आपोआप पडले. आता विशारदची तयारी चालू आहे. सासूबाई आधी म्हणायच्या, या वयात काय करायचंय. हल्ली पाहुण्यांसमोर त्याच सांगतात, "आमची सून परीक्षेला बसायलीय." करिअर म्हणावं असं हे नाही, पण मंडळातल्या बायकांच्या चार मुली माझ्याकडं शिकायला येतात आणि त्यांची फी मी माझ्या नावाच्या खात्यात भरते.

तबला, परभणी (वय १९)

मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. युवक महोत्सवात वाजवलं, बक्षीस मिळालं. आता पखवाजही शिकायचाय. वडिलांची सोयाबीनची शेती, यंदा पावसानं नेली. ते म्हणतात डिग्री पूर्ण कर, मग काय वाजवायचं ते वाजव. मला वाटतं तोवर उशीर होईल. सर्वांनी सांगावं.

गायन, नांदेड

डिग्री पूर्ण कर. वर्ष-दीड वर्षाचाच प्रश्न आहे. तोवर तुमच्याच गावातल्या आकाशवाणी केंद्राच्या ऑडिशनची चौकशी करून ठेव. पहिल्यांदा नापास झालास तर वाईट वाटून घेऊ नकोस, आमच्यातले निम्मे पहिल्यांदा नापास झालेत. आणि गुरुवारी नांदेडला ये. देवगिरी एक्स्प्रेसनं परत जाता येतं का ते वेळापत्रकात बघ, नाहीतर मुक्कामाला माझी खोली आहे. गोधडी खिडकीला असते, तेवढी काढून देईन.

आता पुण्यात, मूळ धाराशिव जिल्हा

डिग्री कर. आणि वडिलांशी भांडू नकोस, या वर्षी तरी.

भीमगीतं, छत्रपती संभाजीनगर

आमच्या ग्रुपला एप्रिलसाठी ढोलक-तबल्याला माणूस पाहिजे. मानधन आधी ठरवून देतो, जाण्या-येण्याचं वेगळं. परीक्षा कधी आहे ते कळव, त्याप्रमाणं तारखा धरू.

पखवाज, केज तालुका

पोरा, मी उद्या धारूरकडं सप्ताहाला चाललोय, डोंगरात रेंज नसती. काल्याचं कीर्तन झालं की फोन करतो. तोवर चौताल (बारा मात्रांचा ताल) रोज हळू लयीत, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठिव: धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन. तबल्याचा हात बोटांचा असतो, पखवाजाला पंजा उघडा पाहिजे. तुझा कुठं अडतोय ते ऐकल्यावर सांगतो.