मदत हवी आहे : हायपरबोलिक आरशात जवळच्या सरळ रेषा वाकतात

नमस्कार मंडळी,

चाकांवरच्या छोट्या रोबोला एकाच कॅमेऱ्यातून चहूबाजूंचं दिसावं म्हणून वर बहिर्वक्र आरसा आणि खाली त्याच्याकडे बघणारा कॅमेरा, अशी जोडणी केली आहे. फिशआय (खूप रुंद कोनाची लेन्स) घेतली नाही, कारण मला क्षितिजाच्या आसपासचा पट्टा हवा आहे आणि वर रोखलेल्या फिशआयमध्ये नेमका तोच कडेला जातो.

आरसा लेथवर कातून घेतला. आकार अपास्ताचा (हायपरबोलाचा). त्याच्या सूत्रातले अ = २८ मिमी, ब = २१ मिमी, म्हणजे दोन नाभींमधलं (फोकस-बिंदूंमधलं) अंतर ७० मिमी. आरशाचा व्यास ६० मिमी. कडेवर क्षितिजापासून साधारण २५ अंश वरपर्यंतचं दिसतं आणि लेन्सला ४० अंशांचा कोन पुरतो. कॅमेरा बाहेरच्या, म्हणजे आरशासमोरच्या नाभीवर असला की आतल्या, आरशामागच्या नाभीतून पाहिल्यासारखं चित्र मिळतं, ते गणिताने उलगडता येतं. एवढ्याचसाठी स्टीलचा गोळा सोडून हा आकार घेतला.

कॅलिब्रेशन (चित्रातला कुठला बिंदू कुठल्या दिशेचा हे ठरवणं) २ मीटरवरच्या बुद्धिबळाच्या तक्त्यावरून केलं. तिथे ओळी अगदी सरळ येतात. तोच तक्ता ३० सेंमीवर आणला की चौकोन पोटातून फुगतात. आरशाचं टोक ते लेन्सची पुढची काच हे अंतर ६३ मिमी आहे, तीनदा मोजलंय; बाहेरची नाभीही टोकापासून तेवढ्यावरच येते. आरसाच चुकीचा कातला गेलाय का? दुसरा करून घ्यायचा तर खूप काम आहे, म्हणून आधी विचारतो.

प्रतिसाद १
आरशाला हात लावू नका. चूक अंतरावर अवलंबून आहे, म्हणजे किरण एका बिंदूकडे रोखलेले नाहीत. नाभीवर पुढची काच नाही, लेन्सचा प्रवेश-छिद्रबिंदू (बाहेरून येणारे किरण ज्या बिंदूकडे रोखलेले असतात तो) यायला हवा आणि तो बहुधा काचेच्या आत असतो. एका रेषेत दोन टाचण्या उभ्या करा, एक जवळ, एक लांब. कॅमेरा सरकपट्टीवर मागेपुढे करत फिरवून बघा. ज्या जागेभोवती फिरवताना टाचण्या एकमेकींपासून सरकत नाहीत, तोच बिंदू.

धागाकर्ता
टाचण्या लावल्या! बिंदू काचेच्या ११ मिमी मागे निघाला. कॅमेरा तेवढा पुढे घेऊन कॅलिब्रेशन पुन्हा केलं, आता ३० सेंमीवरही ओळी सरळ आहेत. मनापासून आभार. फक्त चित्राची कड स्पष्ट आली की मधला भाग धूसर होतो. फोकस अनंतावर ठेवलं तर सगळंच धूसर.

प्रतिसाद २
तुमची लेन्स लांबचं दृश्य बघतच नाही. ती आरशामागे जेमतेम काही मिमीवरची आभासी प्रतिमा बघते, आणि ती प्रतिमाही वाकलेली असते. कड आणि मध्य यांच्या दरम्यान फोकस धरा, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करा आणि उजेड वाढवा.