‘सौभद्र’ अडीच तासांत: कात्री कुठं लागली आणि कुठं लागायला हवी होती?

टिळकवाडी_तिसरी_रांग

गेल्या आठवड्यात बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’चा (अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं पाच अंकी संगीत नाटक) नव्यानं बसवलेला प्रयोग झाला. मध्यंतर धरून अडीच तास. शंभरावर पदांतली सोळा ठेवली आहेत, साक्या-दिंड्या (गद्याच्या मधे येणाऱ्या छोट्या वृत्तबद्ध रचना) जवळपास सगळ्या गेल्या. ऑर्गनच्या जागी सिंथेसायझर, गालाला चिकटवलेले माइक, रंगवलेल्या पडद्यांऐवजी मागं एलईडी भिंत.

‘प्रिये पहा’ला टाळ्या, ‘नच सुंदरी करू कोपा’ला वन्स मोअर. सुभद्रा आणि कृष्ण दोघेही गळ्यानं तयार, यात वाद नाही. पण मध्यंतरात चहाच्या गाड्यावर पोरंपोरी विचारत होती, मधेच राक्षस कुठून आला, आणि सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलं कुणी? घरी महाभारत ऐकलेल्यांना सुद्धा धागा जोडून घ्यावा लागत होता.

खानापूरची हौशी मंडळी हीच छोटी संहिता घेऊन तुळशीच्या लग्नानंतर उभी राहायचं म्हणताहेत. प्रयोग पाहिलेल्यांनी सांगावं: ही काटछाट घेण्यासारखी आहे का? नसेल तर काय बदलावं? ‘जुनं ते सोनं’ एवढंच लिहू नका, कामाचं लिहा.

साकी_दिंडी

काटछाट चुकीची नाही, पण जागा चुकली. गणित मांडून बघा. मध्यंतर वजा केलं तर हातात 135 मिनिटं. सोळा पदं सरासरी पाच मिनिटांची, म्हणजे 80 गेली. दृश्य बदलताना नऊ वेळा अंधार, दर वेळी सव्वा मिनिट, म्हणजे आणखी 11-12. पाच अंकांच्या गद्याला उरली जेमतेम 43 मिनिटं. एवढ्यात बलरामाचा हट्ट, कृष्णाचा डाव, घटोत्कच, रैवतक डोंगरावरचा त्रिदंडी यती (संन्याशाच्या वेषातला अर्जुन), हे सगळं कोंबायचं म्हटल्यावर राक्षस आकाशातून पडल्यासारखाच वाटणार.

आता उलटं करा. तीच सोळा पदं तीन मिनिटांत बसवा: अस्ताई, दोन अंतरे, मोजक्या चार ताना. 48 मिनिटं झाली. वर वीस साक्या-दिंड्या परत घ्या, एकेक 40 सेकंदांची. 13-14 मिनिटं. गाणं सगळं मिळून 62. अंधाराची 11-12 वजा केली तरी गद्याला साठच्या वर मिनिटं सुटतात आणि नाटक कळायला लागतं.

साकी-दिंडी भरताड नव्हे. साकीची ओळ 28 मात्रांची, 16 आणि 12. दिंडीची 19, नवव्या मात्रेवर यती (म्हणजे थांबा, अर्जुन नव्हे). ठेका नसला तरी म्हणता येते, गद्यातून उचलून पुन्हा गद्यात सोडता येते, त्यामुळं कथानक पुढं सरकतं. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्याबरहुकूम हालचाल करायची. किर्लोस्करांनी पद पात्राच्या तोंडी दिलं. सुभद्रेला काय वाटतं ते सुभद्राच गाते. त्यातल्या छोट्या रचना काढून फक्त मोठी, नावाजलेली पदं ठेवली की पात्र बाजूला राहतं आणि गायक उभा राहतो. परवा झालं ते हेच. मैफल म्हणून उत्तम, नाटक म्हणून लंगडं.

आणि लांबण लावणं ही किर्लोस्करी परंपरा आहे, हेही डोक्यातून काढा. मूळ चाली कीर्तनातल्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यातल्या, कानडी पदांच्या. आटोपशीर आणि चटकदार. ख्यालाच्या अंगानं विस्तार नंतर वाढला.

अनगोळ_नाका

वाढला ना? मग तीही परंपराच झाली. संगीत नाटकाला लोक येतात ते गाण्यासाठी. ‘प्रिये पहा’ तीन मिनिटांत उरकलं तर तिकीट काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी शिव्या घालेल. त्यातल्या देसकार रागाचा उठाव व्हायलाच दीड मिनिट लागतं.

अण्णासाहेबांनी सुद्धा 18 नोव्हेंबर 1882 ला पुण्यात आधी तीनच अंक केले. पाचही अंकांचं नाटक पुढच्या वर्षी, 1883 ला आलं. तेव्हाच्या लोकांनी तीन अंक आनंदानं बघितलेच की. संहिता म्हणजे पोथी नव्हे. आज नऊला पडदा पडला तर लोकांना शेवटची बस मिळते. नाटकाचा फायदा त्यातच आहे.

साकी_दिंडी

ते तीन अंक सलग होते हो. मधली पानं फाडून केलेले नव्हते.

पण ‘प्रिये पहा’बद्दल मान्य. सगळ्या पदांना एकच माप लावू नका. चार पदं निवडा, त्यांना सहा-सहा मिनिटं द्या. उरलेली बारा दोन मिनिटांत. बेरीज तीच, 48. फक्त ही चार एकाच अंकात गोळा होऊ देऊ नका, आणि त्यातली निदान दोन सुभद्रेची असू द्या. परवा मोठी पदं कृष्णाकडंच गेली. नाटकाचं नाव सौभद्र आहे, ही साधी गोष्ट विसरली गेली.

वन्स मोअर आला तर अख्खं पद पुन्हा घेऊ नका. शेवटचा अंतरा आणि मुखडा, बस्स. हे तालमीतच ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर तबलजी एकीकडं आणि नट दुसरीकडं.

काळी_एक

वादकांच्या खड्ड्यातलं लिहितो, कारण खानापुरात घोटाळा तिथंच व्हायचा.

कृष्णाची पट्टी (गाताना धरलेला षड्ज) काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी, आणि सुभद्रेची काळी चार असेल तर देवानंच जोडी जमवली म्हणायची. काळी चार हा काळी एकचा पंचम. तबला काळी चारला लावा. सुभद्रेला षड्ज मिळतो, कृष्णाला पंचम, एकाच तबल्यावर दोघांचं भागतं. देसकारात पंचम आहेच, त्यामुळं ‘प्रिये पहा’ला तो छान बसतो. सुभद्रा काळी पाचवर गात असेल तर कृष्णानं काळी दोनवर यावं, तिथंही पंचमाचंच नातं. कृष्ण काळी एक आणि सुभद्रा काळी पाच ही जोडी मात्र एका तबल्यावर बसत नाही. मग दोन तबले मिळवून शेजारी ठेवा आणि रिकाम्यावर फडकं टाका, नाहीतर पहिला वाजताना तो गुणगुणत राहतो. दिवे तापले की पुडी ताणते आणि स्वर चढतो. मध्यंतरात तबला पुन्हा तपासायलाच हवा. परवा दुसऱ्या भागात जे थोडं बेसूर वाटत होतं, त्यात गायिकेचा दोष नव्हता, तबला चढलेला होता.

सिंथेसायझरची अडचण आवाजाची कमी, श्वासाची जास्त आहे. ऑर्गनमध्ये पायानं भाता मारला की स्वर फुगतो, पाय सैल सोडला की विरतो, आणि नट थांबला तिथं वादकालाही थांबता येतं. सिंथवर बोट ठेवलं की पहिल्या क्षणापासून आवाज सपाट. ऑर्गन मिळत नसेल तर निदान पायाचं व्हॉल्यूम पेडल जोडा, घुमारा (रिव्हर्ब) पूर्ण बंद करा, आणि त्याचा छोटा स्पीकर रंगमंचाच्या पुढच्या कडेला नटांकडं तोंड करून ठेवा. हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून सूर ऐकून गाणारा नट कणभर मागंच राहतो. अजून एक, ट्रान्सपोजचं बटण. एका पदासाठी दोन घरं सरकवलं आणि परत शून्यावर आणायचं राहिलं, तर पुढचं पद भलत्याच पट्टीत सुरू होतं आणि मधे दुरुस्त करता येत नाही. वादकाला सगळ्या पट्ट्यांत वाजवता येत असेल तर त्या बटणावर सरळ चिकटपट्टी मारा.

ऑर्गन आणणारच असाल तर आदल्या दिवशी हॉलवर आणून ठेवा. खानापूरकडच्या दमट हवेत लाकडी पट्ट्या फुगून अडकतात. भात्याला बारीक गळती असेल तर ती वाजवल्यावरच कळते. सारंगी मिळाली तर सोन्याहून पिवळं. बालगंधर्वांकडं ऑर्गन असतानाही कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला होता, ते शोभेसाठी नव्हे. सारंगी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं) भरून काढते, पट्ट्यांच्या वाद्याला ते जमत नाही.

विंगेतून

अहो, पडद्याचं कुणीच बोलत नाही की. एलईडी बघून भुललासा सगळे.

नऊ अंधार आले कशानं? जुन्या बांधणीत एक उथळ दृश्य आणि एक खोल दृश्य आलटून पालटून असायचं. दर्शनी पडद्यामागं सहा-आठ फुटांवर रस्त्याचा पडदा. नारद त्याच्यापुढं येऊन गप्पा मारतोय, गातोय, तोवर मागं महालाची मांडणी होऊन जाते. पडदा वर गेला की महाल तयार. यांनी रस्त्यावरची दृश्यं ‘अनावश्यक’ म्हणून कापली. आता मागची मांडणी बदलायला अंधाराशिवाय काय राहिलं? वाचवलेली मिनिटं अंधारात घालवलासा. नारदाची दोन उथळ दृश्यं परत घ्या, निम्मे अंधार आपोआप जातील.

एलईडी भिंत पूर्ण उजेडात ठेवली की नटाचं तोंड काळं पडतं, बाह्यरेषा तेवढी दिसते. परवा रैवतकाच्या दृश्यात डोंगर झकास आणि यती सावलीत. उजेड दहा-पंधरा टक्क्यांवर आणा, नट भिंतीपासून सहा फूट तरी पुढं ठेवा. हलती ढगं तर नकोच. ढग सरकला की बघणाऱ्याची नजर ढगाबरोबर जाते.

आता माइक. यतीला दाढी, जटा, गालाला माइक. प्रत्येक शब्दाला खरखर येत होती ती दाढीचे केस माइकवर घासून. दाढीवाल्याचा माइक कपाळावर, जटांच्या कडेखाली लावायचा, टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर. त्याच्या वर टेपची छोटी पट्टी आडवी, म्हणजे घामाचा थेंब आत जात नाही. बॅटरी दर प्रयोगाला नवीकोरी. अर्जुन-सुभद्रा जवळ आले की दोघांचे माइक एकमेकांचा आवाज ओढतात आणि मडक्यातून बोलल्यासारखं होतं. तेव्हा न बोलणाऱ्याचा माइक खाली घ्यायचा, म्हणजे आवाजवाल्याच्या हातात संहिता पाहिजेच. लहान हॉल असेल तर गालाचे माइक सोडून द्या. रंगमंचाच्या कडेला स्पंजच्या तुकड्यावर तीन माइक ठेवा, दोन माइकांच्या मधे सहा फूट अंतर. नाट्यगायन फेकीचं गाणं आहे, गालाजवळच्या माइकमुळं ताना कानात टोचतात.

गुर्लहोसूर_रस्ता

एक मुद्दा राहिलाय. आपल्याकडं प्रेक्षागृहात निम्मे लोक घरी कानडी बोलणारे असतात. त्यांना ‘प्रिये पहा’ पोचतं, गद्य पोचत नाही. किर्लोस्करांचं गद्य संस्कृतप्रचुर आहे आणि परवा ते पळवलं गेलं. गद्य कमी करताना वाक्यं तोडली, पण वेग तोच ठेवला. ‘त्रिदंडी संन्यासी’ हे दोन शब्द नीट सुटे उच्चारले असते तरी गोंधळ अर्धा झाला असता.

खरं तर सौभद्रवर या मुलखाचा हक्क पुण्याइतकाच आहे. कर्नाटकातल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून स्फुरलेलं भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झालं ते 1843 ला, आणि त्याच वर्षी अण्णासाहेब आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. पुढं बेळगावात शिक्षकी केली. कानडी पदांच्या चाली त्यांच्या कानात लहानपणापासूनच्या. आणि कानडी कंपनी नाटकांनाही गाण्याची मोठी परंपरा, एणगीचे बाळप्पा (1914–2017) त्यातलेच. हा प्रेक्षक पद ऐकायला तयारच असतो, त्याला फक्त कथेचा हात धरायला द्या. तिकिटासोबत अर्ध्या पानाचा कथासार, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. अंकागणिक तीन ओळी, जास्त नको. पडद्यावर ओळी सरकवू नका, लोक वाचत बसतात आणि अर्जुन एकटा पडतो.

अनगोळ_नाका

कथासार चालेल. दिंड्या वीस नको, दहा घ्या. आजच्या नटांना गद्यातून दिंडीत शिरता येत नाही. मधे थांबून सूर शोधतात, तेवढ्यात प्रेक्षक मोबाइल काढतो.

काळी_एक

सूर शोधायला लागू नये म्हणून नट शेवटचं वाक्य म्हणत असतानाच ऑर्गननं षड्ज हळू धरायचा. वाक्याच्या शेवटच्या तीन शब्दांवर. तालमीत प्रत्येक दिंडीआधीचे ते तीन शब्द वादकाच्या वहीत लाल शाईनं लिहून ठेवा. वादकाचं तोंड रंगमंचाकडं असू द्या, प्रेक्षकांकडं नको. नटाचे ओठ दिसल्याशिवाय हे जमत नाही.

टिळकवाडी_तिसरी_रांग

खानापूरकरांना कळवलं. चार पदं मोठी, बारा छोटी, दिंड्या-साक्या पंधरा, नारदाची दोन्ही दृश्यं परत. कथासार दोन्ही भाषांत. कृष्ण काळी एकवर आहे, सुभद्रेची पट्टी रविवारी बघून सांगतो म्हणाले. रस्त्याचा रंगवलेला पडदा मात्र नाही त्यांच्याकडं. रुंदी 28 फूट आहे.

विंगेतून

पडदा नसला तर नसू द्या. मांजरपाटाचं कापड घ्या, मातकट रंगात बुडवा, चुण्या पाडून दांडीला बांधा. 28 फुटांला चुण्यांसकट 42 फूट रुंदी धरा. खालच्या कडेला वाळूची बारीक नळी शिवा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं नारदाच्या पाठीला चिकटतो.