लेबनॉन : 'सगळे म्हणजे सगळे' रस्त्यावर चाललं, मतपेटीत का अडकलं?

अक्षांश
१७ ऑक्टोबर २०१९ ला व्हॉट्सॲप कॉलवरच्या प्रस्तावित करामुळे लेबनॉन पेटलं. 'कुल्लुन यानी कुल्लुन', म्हणजे सगळे म्हणजे सगळे, एकही नेता वगळायचा नाही, ही घोषणा उत्तर लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या सुन्नी वस्तीपासून शियाबहुल नबतियेपर्यंत घुमली. २७ ऑक्टोबरला लोकांनी त्रिपोली ते दक्षिणेतलं सूर (टायर) अशी सुमारे १७० किलोमीटरची मानवी साखळी धरली आणि दोन दिवसांनी पंतप्रधान साद हरिरींनी राजीनामा जाहीर केला. तरी मे २०२२ च्या निवडणुकीत १२८ पैकी या चळवळीचे म्हणता येतील असे जेमतेम १३ खासदार. हे फक्त पंथनिष्ठेमुळे झालं की निवडणूक पद्धतीतच मेख आहे? पद्धत कुणी पायरीपायरीने समजावेल का?

खारेवारे
मेख पद्धतीत आहे, आणि ती मतदानाच्या बरीच आधी सुरू होते. लेबनॉनमध्ये माणूस राहतो तिथे मत देत नाही, घराण्याची नोंद ज्या गावात आहे तिथे देतो. बैरुतमध्ये जन्मून तिथेच वाढलेल्या माणसालाही आजोबांच्या गावी जावं लागतं. लग्न झालं की बाईची नोंद नवऱ्याच्या गावी हलते. म्हणजे बैरुतच्या चौकात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले लोक मतदानाच्या दिवशी आपापल्या गावी पांगतात. मतदारयादीत पंथाचा रकाना असतो आणि निकाल केंद्रागणिक बाहेर येतो, त्यामुळे लहान गावात कोण 'फुटलं' याचा अंदाज स्थानिक पक्षाला लगेच येतो. राहत्या जागेजवळ मतदानाची मोठी केंद्रं काढा ही मागणी जुनी आहे. २०१८ ला ती झाली नाहीत, २०२२ लाही नाहीत. मला विचाराल तर सगळ्यात मोलाची सुधारणा हीच.

शून्यशेष
आता आकडेमोड. २०१७ चा कायदा क्रमांक ४४ : १५ मोठे मतदारसंघ, त्यांत २६ लहान. जागा ६४ ख्रिश्चन, ६४ मुस्लिम (द्रूझ आणि अलावी हे छोटे पंथ यांतच धरलेले), आणि प्रत्येक जागेवर पंथाचं नाव. मारोनाइट (ख्रिश्चनांतला एक पंथ) ३४, सुन्नी २७, शिया २७, द्रूझ ८ वगैरे. मतदार एका यादीला मत देतो आणि हवं तर त्याच यादीतल्या, आपल्या लहान मतदारसंघातल्या एकाला पसंतीचं मत.

मोजणी अशी. समजा १० जागा, २,००,००० मतं. एका जागेची किंमत २०,००० झाली. क यादीला १,१०,०००, ख ला ५५,०००, ग ला १८,००० आणि घ ला १७,०००. ग आणि घ वीस हजारांच्या खाली, म्हणून दोन्ही बाद. उरलेल्या १,६५,००० मतांवर किंमत पुन्हा काढायची : १६,५००. क ला ६, ख ला ३, आणि उरलेली एक जागा ज्याची शिल्लक मोठी त्याला, म्हणजे क ला. निकाल ७-३.

तेच ग आणि घ एकत्र आले असते तर ३५,००० मतं, किंमत वीस हजारच. क ला ५, ख ला २, त्यांना १. शिल्लक ख आणि त्यांची १५,०००-१५,०००, क ची १०,०००, म्हणून दोन जागा या दोघांना. निकाल ५-३-२. मतदार तेच, मतं तीच! २०१८ ला देशभर ७७ याद्या होत्या, २०२२ ला १०३. चळवळीतले गट एकेका मतदारसंघात दोन-दोन, तीन-तीन याद्या घेऊन उतरले आणि कित्येक ठिकाणी सगळ्याच उंबरठ्याखाली, म्हणजे एका जागेच्या किमतीखाली, राहिल्या.

कोरी मतपत्रिकाही किंमत ठरवताना धरली जाते. रागाने कोरं मत टाकणारा उंबरठा वर नेतो, आणि त्याचा फटका लहान यादीला बसतो.

मधुरा_ठाणे
पंथनिहाय जागा म्हणजे त्या पंथाचेच मतदार मत देतात का? आपल्याकडे पुणे करारावेळी झालेला स्वतंत्र की संयुक्त मतदारसंघ हाच वाद ना?

शून्यशेष
तोच. लेबनॉनमध्ये मतदान संयुक्त आहे : द्रूझ जागेसाठी त्या मतदारसंघातले सगळे मत देतात. प्रत्येक पंथाने आपलेच खासदार निवडावेत असा 'ऑर्थोडॉक्स प्रस्ताव' २०१३ मध्ये बराच पुढे गेला होता, पण कायदा झाला नाही. झाला असता तर पुढचं उदाहरण घडूच शकलं नसतं.

दक्षिण-३ या मोठ्या मतदारसंघात ११ जागा, त्यांतल्या ८ शिया. हिजबुल्ला आणि अमल या शिया पक्षांचा बालेकिल्ला. २०२२ ला विरोधकांनी तिथे एकच मुख्य यादी उतरवली आणि दोन जागा काढल्या : ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन जागेवर इलियास जरादे, द्रूझ जागेवर फिरास हमदान. कारण जागा कुणाला हे ठरवताना सगळ्या याद्यांचे उमेदवार आपल्या लहान मतदारसंघातल्या पसंतीच्या मतांच्या टक्केवारीने एकाच रांगेत लावतात आणि वरून खाली जागा भरत येतात. सत्ताधारी आपली पसंतीची मतं शिया उमेदवारांवर खर्च करतात. लहान पंथाच्या जागेवरचा त्यांचा माणूस रांगेत मागे पडू शकतो. फट तिथे आहे. याच यंत्रणेचा दुसरा परिणाम असा की शेवटी उरलेली जागा शंभराहून कमी पसंतीच्या मतांवरही मिळते. दोन्ही निवडणुकांत असं झालं आहे.

खारेवारे
एक भर. यादी उभी करायलाही अट आहे : मतदारसंघातल्या किमान ४० टक्के जागांवर उमेदवार, तीनपेक्षा कमी नाहीत, आणि प्रत्येक लहान मतदारसंघातून किमान एक. म्हणून 'आमचे चार चांगले लोक उभे करू' चालत नाही. खेड्यापाड्यांत, वेगवेगळ्या पंथांचे लोक आधीपासून जोडलेले लागतात.

अक्षांश
नोंदीतून पंथच काढून टाकला तर?

खारेवारे
काढता येतो. २००९ मध्ये गृहमंत्री झियाद बारूद यांनी परिपत्रक काढून नागरी नोंदीतला पंथ खोडायची मुभा दिली. पण राखीव जागेवर उभं राहायला पंथ लागतोच. लग्न, वारसा हे विषय मान्यताप्राप्त १८ पंथांच्या कायद्यांत अडकलेले आहेत आणि देशात सर्वांसाठी नागरी विवाह कायदा नाही. म्हणून जोडपी लग्नाला सायप्रसला जातात. परदेशातलं नागरी लग्न लेबनॉन नोंदवून घेतं. यादवी युद्ध संपवणाऱ्या तायफ करारानंतर राज्यघटनेच्या कलम ९५ मध्ये राजकीय पंथवाद संपवायला राष्ट्रीय समिती नेमायचं लिहिलं आहे. करार १९८९ चा.