रात्रीचे रँक्ड सामने आणि सोळाव्या वर्षातली मांजर: मेळ कसा घालावा?

उशिरा_झोपणारा (पुणे)

नमस्कार. आमच्या घरी ठकी नावाची मांजर असून तिला सोळावे वर्ष चालू आहे. दिवसा मी घरूनच नोकरीचे काम करतो आणि रात्रीची जेवणे आटोपली, की साडेदहाच्या सुमारास कॉलेजातल्या चार मित्रांबरोबर कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन सांघिक खेळ खेळायला बसतो. त्यांतला एक हैदराबादला असतो, एक मस्कतला. आमची खरी गाठभेट होते ती या खेळातच, त्यामुळे ‘खेळणे बंद कर’ हा सल्ला कृपया देऊ नये.

पूर्वी ठकी या वेळी खिडकीच्या कट्ट्यावर निवांत झोपलेली असे. गेल्या पावसाळ्यापासून ती कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर, म्हणजे जिथून गरम हवा बाहेर पडते नेमक्या त्या जागी, बसू लागली आहे. एका उडीत तिथे पोहोचणे आता तिला जमत नाही. आधी खुर्चीचा हात, मग टेबल आणि शेवटी कीबोर्ड तुडवत, मागचे पाय ताठ ठेवून, ती वर चढते. तिचा पंजा स्पेसबारवर पडला, की दबा धरून बसलेला माझा खेळाडू जागच्या जागी उड्या मारू लागतो आणि समोरच्या संघाला आमचा ठावठिकाणा कळतो. मशीन तापू नये म्हणून मी एसी बावीसवर ठेवतो, पण जाळी झाकली गेल्यामुळे तापमान व्हायचे तेवढे वाढतेच.

दुसरी अडचण अधिक त्रासाची आहे. अकरा वाजून गेले, की ती मध्येच उठून हॉलमधल्या अंधारात जाते आणि भसाड्या आवाजात ओरडत राहते. मस्कतच्या मित्राने परवा ‘घरात पाळणा हलला की काय’ असे विचारले. आमचे सामने रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठी मोजले जाणारे; सामना अर्धवट सोडला तर रँकचे गुण कापले जातात, पुढचा सामना मिळायला थांबावे लागते आणि उरलेल्या चौघांचा डाव बुडतो तो वेगळाच. ‘म्हातारपण आहे, चालायचंच,’ असे आईचे मत आहे. दार लावून घ्यावे का? तिला जाळीवरून कसे हलवावे? अनुभवी मंडळींनी सांगावे.

परळचा_जुना_विद्यार्थी (रत्नागिरी)

खेळातले मला काही कळत नाही. मी आयुष्यभर जनावरांवर उपचार केले, तेवढ्या अधिकाराने लिहितो. आपल्या मातोश्रींचा मान राखून सांगतो, की ‘चालायचंच’ हे एवढ्यात म्हणू नये. वयस्क मांजर रात्रीची नव्याने ओरडू लागली, तर तो हट्ट किंवा लाड नसून तपासणीचे कारण आहे असे समजावे. या वयात मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत जाण्याचा विकार पुष्कळ आढळतो. थायरॉइड ग्रंथी अति काम करू लागली, तर मांजर भरपूर खाऊनही वाळत जाते, अस्वस्थ होते आणि रात्री ओरडते. या दोन्हींच्या सोबतीने रक्तदाब वाढू शकतो. वरचा आकडा १६० च्या पुढे टिकून राहिला, तर डोळ्यांना धोका असतो आणि पडदा सुटून मांजर अचानक आंधळी होऊ शकते. यांखेरीज कान मंदावलेल्या मांजरीला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे ती मोठ्याने ओरडते, आणि मेंदू थकला, की ओळखीच्या घरातही अंधारात तिला दिशा उमगत नाही. आपल्या वर्णनात ती हॉलमध्ये अंधारात उभी राहते असे आहे, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

तेव्हा रक्ताची तपासणी करावी. तीत मूत्रपिंड आणि थायरॉइड दोन्ही पाहण्यास सांगावे. लघवी तपासावी आणि रक्तदाब मोजून घ्यावा. दवाखान्यात जाण्यापूर्वी घरी एक गोष्ट सहज करता येईल. सकाळी मोजून पाणी ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे. कोरडे खाणाऱ्या मांजरी मुळात पाणी जास्त पितात, पण वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे चार किलोच्या मांजरीने २०० च्या वर पाणी पिणे, हे कोणत्याही आहारावर नोंद घेण्यासारखे आहे.

पाय ताठ ठेवून चढणे हे बहुधा सांध्यांचे दुखणे आहे. मांजर लंगडत नाही, ती फक्त उड्या मारणे कमी करते आणि घरच्यांना ती शांत झाली असे वाटते. एक ताकीद मात्र ठळकपणे देतो: माणसांची वेदनाशामके तिला देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेते.

बोकेवाली_सांगली

दादा, डॉक्टरांनी सांगितले ते आधी करा. मी टेबलाभोवतीचे सांगते. आमचा बोका चौदा वर्षांचा आहे आणि मी रात्रपाळी नसेल तेव्हा खेळते.

जाळीवरून तिला हाकलू नका, तिला तिथे जावेसेच वाटणार नाही अशी सोय करा. मांजरीच्या अंगाचे तापमान अडतीस-एकोणचाळीस अंश असते आणि तिला सुखावह वाटणारी हवा साधारण तीस अंशांच्या पुढची. तुमची बावीस अंशांची खोली म्हणजे तिच्या दुखऱ्या सांध्यांना थंडीच झाली. ती ऊब शोधत तुमच्या ग्राफिक्स कार्डापर्यंत पोहोचली, यात तिचे काय चुकले? एसी पंचवीस-सव्वीसवर आणा. तुमच्या खुर्चीच्या उजव्या-डाव्या हाताशी, टेबलापेक्षा बुटके स्टूल ठेवून त्यावर जुनी गोधडी घाला. गोधडीच्या घडीत गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून ठेवली, की तासभर ऊब टिकते. कॅबिनेट जमिनीवर असेल तर टेबलाखाली आणि टेबलावर असेल तर शेल्फच्या खाली सरकवा, म्हणजे वर बसायला जागाच उरत नाही. मात्र गरम हवा बाहेर जाण्यापुरती फट राहू द्या.

आत्तापर्यंत जे केस आत गेले असतील, त्यांचाही समाचार घ्यावा लागेल. मी एकदा समोरची जाळी काढली, तर आतल्या बाजूला केसांचा आणि धुळीचा इतका घट्ट थर जमला होता, की तो नखाने सोलून अखंड निघाला. महिन्यातून एकदा मशीन बंद करून, प्लग काढून जाळ्या झटकाव्यात आणि पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रश फिरवावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे खेळायला बसण्याआधी तिचे अंग विंचरणे. सांधे धरलेली मांजर पाठ आणि शेपटीचा बुंधा चाटू शकत नाही, तिथे केसांच्या गाठी होतात. त्याच वेळी नख्याही पाहा. म्हाताऱ्या मांजरींच्या नख्या झिजत नाहीत, गोल वळून थेट तळव्यात रुततात. फरशीवर चालताना टकटक आवाज येत असेल, तर कापायची वेळ झाली असे समजा.

मुद्द्याचं_बोला (ठाणे)

दार लावून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. ज्या मांजरीला अंधारात गोंधळल्यासारखे होते, तिला दाराबाहेर ठेवले तर ओरडणे वाढेल आणि शेजारी तक्रार करतील. हॉलमध्ये आणि लिटर ट्रेजवळ (तिच्या शी-शूच्या ट्रेजवळ) रात्रभर झिरोचा दिवा असू द्यावा. ट्रेची एक कड बुटकी असावी आणि गुळगुळीत फरशीवर तिच्या नेहमीच्या वाटेने सतरंजी अंथरावी.

स्पष्टच लिहितो, राग नसावा. रिपोर्ट येईपर्यंत रँक्ड सामने थांबवावेत. जो खेळ मध्येच थांबवता येतो, तो एकट्याने खेळावा. आजारी जनावर घरात असताना चाळीस मिनिटे जागचे हलता न येणारा खेळ खेळणे मला पटत नाही.

बोकेवाली_सांगली

रँकविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे, बाकीचे नाही. एक माणूस एकाच खुर्चीत, उबदार खोलीत, दोन-दोन तास बसून असतो, याहून चांगली सोबत म्हाताऱ्या मांजरीला कुठून मिळणार? उलट खेळणाऱ्याचे घर तिला मानवतेच. अडचण फक्त सामना मध्ये थांबत नाही एवढीच आहे आणि तिच्यावर तोड निघते. दादांनी मित्रांना सांगून काही दिवस स्विफ्टप्ले, म्हणजे याच खेळाचा छोटा प्रकार, खेळावे. त्यात पाच फेऱ्या जिंकल्या की सामना संपतो, रँकमधल्या तेरा फेऱ्यांइतके अडकून पडावे लागत नाही. दोन सामन्यांच्या मध्ये उठायचेच, असा नियम ठेवावा. साडेदहाला पहिला सामना सुरू करण्याआधी दहा मिनिटे दोरीने हळूहळू खेळवावे, मग ओले खाणे द्यावे. खाऊन झाले, की मांजर अंग चाटते आणि झोपते; हा क्रम तिच्या स्वभावातच आहे, आपण फक्त त्याची वेळ जुळवायची. माइक बटण दाबल्यावरच सुरू होईल असे सेटिंग केले, तर मस्कतच्या मित्राच्या शंकाही मिटतील.

आणखी एक. यूपीएस असेल तर वीज गेल्यावर तो जो शिट्टीसारखा ओरडतो, तो आवाज बंद करता येतो का पाहा. आमचा बोका त्या आवाजाने दचकून टेबलावरून पडला होता.

उशिरा_झोपणारा (पुणे)

सर्वांचे आभार. रक्तदाब १८० च्या वर निघाला आणि मूत्रपिंडांचे आकडेही वाढलेले आहेत. थायरॉइड ठीक आहे. रक्तदाबासाठी अमलोडिपिनची गोळी अगदी लहान तुकड्यात रोज द्यायची आहे आणि फॉस्फरस कमी असलेला आहार सुरू करायचा आहे. मित्रांनी स्विफ्टप्लेला कुरकुर न करता होकार दिला. स्टूल तिने दोन दिवस हुंगून सोडून दिले होते, मी दिवसभर घातलेला टी-शर्ट गोधडीवर टाकल्यावर बसू लागली. आता प्रश्न गोळीचा आहे: खाण्यात मिसळली, तर ती खाणे चाटूनपुसून खाते आणि गोळी ताटलीत शिल्लक ठेवते.

परळचा_जुना_विद्यार्थी (रत्नागिरी)

वेळेत तपासले हे उत्तम झाले. गोळी सगळ्या खाण्यात मिसळू नये, एखादे वेळी नवा आहारच ती नाकारू लागेल. भूक लागलेली असताना, म्हणजे रात्रीच्या खाण्याआधी, तिला मांडीवर आपल्याकडे पाठ करून बसवावे, डोके किंचित वर करून गोळी जिभेच्या मुळाशी टाकावी आणि लगेच बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडे थोडे करून चार-पाच मिलिलिटर पाणी द्यावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहते आणि तिथे जखम करते, म्हणून पाणी टाळू नये. त्यानंतर ताटली पुढे करावी. रक्तदाब एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून घ्यावा, कारण पहिल्या मात्रेने तो पुरेसा उतरेलच असे नाही. डोळ्यांची बाहुली उजेडातही मोठी राहिलेली दिसली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा, सामना चालू असला तरीही.