बुधवारी दोन्ही पोरांची लस आहे, औषध न देता दुखणं कमी करता येतं का?

भांडुपची_आई
नमस्कार, जरा घाईत लिहितेय. मोठी पाच वर्षांची झाली, तिचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर राहिलाय, आणि धाकट्याचे चौदा आठवड्यांचे डोस आहेत म्हणजे एका दिवशी तीन सुया. धाकट्याचं होईल कसंतरी, खरी काळजी मोठीची आहे. दीड वर्षापूर्वी तापात तिचं रक्त काढायचं होतं तेव्हा एका ठिकाणी तिला टेबलावर आडवी पाडून दोघांनी हातपाय दाबून धरले, मला बाहेर थांबवलं, आणि ती आतून "आई ये ना, आई ये ना" करत होती. तेव्हापासून नुसता स्पिरिटचा वास आला तरी माझ्या ओढणीत तोंड खुपसते. सासूबाई म्हणतात सांगूच नको, बागेत चाललोय म्हणून घेऊन जा. मला ते पटत नाहीये पण दुसरं काय करू तेही कळत नाहीये. कुणी काही करून बघितलंय का?

परळच्या_सिस्टर
अगं, बागेचं अजिबात सांगू नकोस. मी पालिकेच्या दवाखान्यात खूप वर्षं लसी टोचल्या, फसवून आणलेलं पोर पुढच्या वेळी दारातूनच परत फिरतं. आदल्या दिवशी किंवा सकाळी साधं सांग, दंडावर सुई आहे, थोडं चिमटल्यासारखं होईल, मी तुला मांडीवरच घेऊन बसणारे. "दुखणारच नाही" पण म्हणू नकोस, कारण दुखतं, आणि मग तुझ्या शब्दावरचा विश्वास उडतो.

आडवं पाडून दाबणं तर मुळीच नको. मुलाला झोपवलं की ते जास्त घाबरतं. मांडीवर उभं धरून बसव, तिची छाती तुझ्या छातीला, पाय तुझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, आणि ज्या हातावर टोचायचं तो मोकळा पण तुझ्या हातात. मिठी मारल्यासारखं, जखडल्यासारखं नाही. आत येऊ देत नसतील तर ठामपणे सांग की मी घेऊन बसते, जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा २०१५ मध्ये लसीच्या वेदनेवर जे सांगितलं त्यात आईवडिलांनी जवळ असावं हे आहे. त्यातच आणखी एक, आम्ही पूर्वी सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का बघायचो, लसीला त्याची गरज नाही, उगाच सुई आत जास्त वेळ राहते आणि दुखतं.

आता बाळाचं. आधी तोंडातले थेंब देऊन घ्यायचे, पोलिओ आणि रोटा (जुलाबाच्या विषाणूवरची लस), मग छातीला लाव आणि पीत असतानाच टोचायला सांग. नीट चोखायला लागलं की मगच, आणि झाल्यावरही लगेच काढू नको, पिऊ दे. ठसका लागेल म्हणून काहीजणी घाबरतात, मी तरी तसं झालेलं बघितलं नाही. सुयांमध्ये जी जास्त झोंबते ती शेवटी द्यायला सांग. आणि कुणी मध चाटवायला सांगेल, एक वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. टोचल्या जागी नंतर चोळायचंही नाही.

दहिसरचा_बाबा
सिस्टरांचं शंभर टक्के खरं. आमच्या लेकाला आम्ही साबणाच्या फुग्यांची बाटली दिली होती, स्टेशनबाहेर मिळते ती. पहिल्यांदा फसलं कारण मी सुई बघून झाल्यावर बाटली काढली, तोपर्यंत तो रडायलाच लागला होता. दुसऱ्या वेळी नंबर यायच्या आधीपासूनच फुंकायला दिलं, हळू लांब फुंकलं तरच मोठा फुगा येतो ना, तर तो श्वास लांब सोडत होता आणि दंडही सैल राहिला, त्यात सुई कधी गेली त्यालाही कळलं नाही, पट्टी लावल्यावर मग थोडा रडला. भिरभिरंही चालेल. फक्त घरी एकदोनदा खेळून बघा, तिथे नवीन खेळणं शिकवत बसू नका. आणि "हे बघ झालंच, घाबरू नको घाबरू नको" असं सारखं म्हणू नका, आम्ही तेच करायचो आणि तो आणखी घाबरायचा.

इन्सुलिन_१४_वर्षं
मी मोठा माणूस पण रोज टोचतो म्हणून लिहितो. फ्रीजमधलं थंड इन्सुलिन थेट घेतलं की जास्त झोंबतं, वापरात असलेलं पेन बाहेर ठेवलं तर फरक पडतो. सुई दर वेळी नवीन, ४ मिमीची पुरते, आणि रोज एकाच जागी नाही. स्पिरिट लावलं तर पूर्ण वाळू द्या, ओल्यावर टोचलं तर चुरचुरतं. हे मुलीच्या लसीलाही लागू आहे ताई, सिस्टरना वाळेपर्यंत थांबायला सांगा.

भांडुपची_आई
खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री मोठीला खरं सांगितलं. आधी गप्प बसली, मग विचारलं "तू आत येशील?" मी हो म्हटलं तर म्हणाली मग फुग्यांची बाटली निळी घे. आज ऑफिसातून येताना घेतली, आत्ता गॅलरीत फुंकतेय.

सिस्टर, एकच विचारायचं राहिलं, बाळाला पाजताना मोठीला कोण सांभाळणार, आधी तिचं करून घेऊ का?

परळच्या_सिस्टर
हो, तिचंच आधी. भाऊ रडलेला बघितला तर ती घाबरेल. मग तिला फुगे फुंकत बाहेर आजीजवळ बसू दे.