मेलम्चीचं पाणी: आधी बोगदा की आधी पाइप?

रात्रीची_मोटर: कामानिमित्त काठमांडूत दोन वर्षं काढली, डोंगरापलीकडच्या मेलम्ची नदीचं पाणी बोगद्यातून शहरात यायच्या आधीची. नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी, तेही रात्री दोनला तासभर, घरमालकीणबाई उठून मोटर लावायच्या आणि तो आवाज ऐकून आख्खी गल्ली मोटरी लावायची. आता मुद्दा. आशियाई विकास बँकेनं २००० साली मेलम्चीला १२ कोटी डॉलर मंजूर केले, २६-२७ किमीचा बोगदा, दिवसाला १७ कोटी लिटर पाणी. शहरात पाणी पोचलं मार्च २०२१ ला! माझं म्हणणं, आधी शहरातले गळके पाइप आणि पाणीखात्यातली माणसं तयार करायची होती. कळस आधी, पाया नंतर झालं हे.

खडूस_ऑडिटर: पाइप दुरुस्त करून पाणी वाढतं का हो? खोऱ्यात मुळात पाणीच कमी, शहरातल्या बागमती नदीची गटार झालेली. आणि पाइपांसाठी त्याच बँकेनं २०११ मध्ये वेगळं कर्ज दिलंय, तेवढं बघून तरी लिहा. गरीब देशांना त्यांचं कर्ज ३२ वर्षांचं, पहिली ८ वर्षं मुद्दल नाही, व्याज १ टक्का आणि पुढे दीड. असं कोण देतं, सांगा.

टीना_पाणीवाली: काका, व्याज स्वस्त असलं तरी फेडायचं परक्या चलनात ना. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० ला बांधलेला, म्हणजे आपला रुपया डॉलरसमोर पडला की त्यांचं कर्ज बसल्या जागी फुगतं, त्यात काठमांडूतल्या माणसाचा काय दोष? शिवाय बँकेच्या अटी. पाण्याचं व्यवस्थापन परदेशी कंपनीकडे द्या म्हणे, २००७ मध्ये मंत्री हिसिला यमी अडून बसल्या तेव्हा कुठे सेव्हर्न ट्रेंट या ब्रिटिश कंपनीचं प्रकरण मिटलं.

खडूस_ऑडिटर: अडून बसल्या, छान, त्यात वेळ गेला तो कुणी मोजायचा? कृष्णप्रसाद भट्टराई पंतप्रधान असताना म्हणाले होते की मेलम्चीच्या पाण्यानं काठमांडूचे रस्ते धुऊ. २०१२ ला बोगद्याचा चिनी ठेकेदार काढला, मग इटालियन आले, तेही २०१८ च्या शेवटी काम टाकून गेले. सगळं खापर बँकेवर फोडायचं म्हणजे कमाल झाली राव.

डोंगरभटक्या: दोघंही शहरातलंच बोलताय. जून २०२१ चा पूर विसरलात का, पाणी येऊन तीन महिने झाले नाहीत तोवर वरून दगडगोट्यांचा लोंढा आला आणि पाणी उचलायची जागाच गाडली गेली. तेव्हापासून पावसाळ्यात बोगदा बंद, कोरड्या दिवसांत तात्पुरता बांध घालून पाणी. तांत्रिक मदत म्हणून इतके सल्लागार आले, मग वरच्या दरीत काय सुटू शकतं हे बघायला कुणी तिथलाच भूगर्भवाला कायमचा का नाही नेमला? बाहेरचा माणूस रिपोर्ट देऊन विमानात बसतो.

रात्रीची_मोटर: २०११ च्या कर्जाचं सुटलं माझ्याकडून, मान्य. पण ऑडिटर काका, मी ज्या माणसांबद्दल म्हणत होतो ती हीच. वर्ल्ड बँक २००२ लाच या प्रकल्पातून बाहेर पडली, ठेकेदार बदलत राहिले, मग टिकून राहणारं कोण, तर पाणीखात्यातला तो इंजिनिअर, आणि त्याच्या ट्रेनिंगचे पैसे कुठल्या कर्जात होते?

खडूस_ऑडिटर: होते असतील. ट्रेनिंग झालं की बदली होते हो त्याची, ती थांबवायला बँक कशी येणार?