मदत हवी आहे: ‘दररोज’ वधस्तंभ उचलणे तरुणांना कसे समजवावे?

सप्रेम नमस्कार. आमच्या मंडळीतील तरुणांच्या अभ्यासवर्गात सध्या बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील ९:२३ हे येशूचे वचन चर्चेला आहे. शिष्याने स्वतःला नाकारून वधस्तंभ (क्रूस) उचलावा, म्हणजे त्याग स्वीकारावा, हे मत्तय आणि मार्क या शुभवर्तमानकारांनीही नोंदवले आहे. परंतु तो ‘दररोज’ उचलावा असे लूकच सांगतो, आणि तरुणांचे प्रश्न नेमके तेथेच सुरू होतात.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुलींना दिलेला आश्रय या तरुणांना भावतो, मात्र नोकरी आणि घर यांत गुंतलेल्या माणसाला तो फार दूरचा वाटतो. त्यापेक्षा (आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी) फ्रान्समधील लिझ्यूच्या मठातील कॅथलिक संन्यासिनी संत तेरेझाने, कपडे धुताना शेजारच्या भगिनीकडून (सहसंन्यासिनीकडून) अंगावर उडणारे घाण पाणी निमूटपणे सोसले, हा प्रसंग त्यांना अधिक जवळचा वाटला.

तरीही एका मुलीने विचारले, की घरात आधीच सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या आईला आणखी कोणता त्याग शिकवायचा? हा प्रश्न मला रास्त वाटतो. स्वेच्छेने केलेला त्याग आणि लादलेली सोसणूक यांतील भेद आपण आपल्या मंडळीत कसा समजावता, आणि विशेषतः घरातील पुरुषांसाठी कोणते नेमके आचरण सुचवता, हे कृपया अनुभवासह कळवावे.